चित्रकलेचे सात गुण आणि त्यापुढची वाट

दहावीच्या निकालात चित्रकलेमुळे किती वाढीव गुण मिळतात, हे आता बहुतेक पालकांना पाठ असतं. इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेत 'अ' श्रेणी आली तर सात, 'ब' आली तर पाच, 'क' आली तर तीन. टक्केवारीच्या चढाओढीत हे गुण कामाला येतात, म्हणून नांदेड-लातूरकडच्या शाळांतूनही एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला मुलं मोठ्या संख्येनं बसतात. परीक्षा होते, श्रेणी लागते, गुण पदरात पडतात आणि पोस्टर कलरच्या बाटल्या माळ्यावर जातात. पुढे अकरावी सायन्स, मग नीट किंवा जेईई. 'लातूर पॅटर्न' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कसून अभ्यासाच्या पद्धतीनं या भागातल्या शेतकऱ्यांच्या आणि छोट्या नोकरदारांच्या लेकरांना डॉक्टर-इंजिनिअर केलं, ही मोठीच गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण एखादं मूल त्या रंगांत खरंच रमलेलं असतं, 'हिचा हात चांगला आहे' असं चित्रकलेच्या सरांनी घरी सांगितलेलं असतं. तिला पुढे काय शिकता येईल, हे घरात सहसा कुणालाच सांगता येत नाही.

ते सांगण्यासाठी हा लेख आहे. त्याबरोबर एक गोष्ट आग्रहानं मांडायची आहे. उपयोजित कला आणि हस्तकौशल्य यांचं विद्यापीठात शिकण्याजोगं ज्ञान आपल्या या दोन जिल्ह्यांत आणि त्यांच्या वेशीवर आजही जिवंत आहे. त्याचे वर्ग मात्र दुसऱ्या गावी भरतात.

आधी त्या परीक्षेकडेच नीट पाहू. समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र काढताना मूल डोळ्यांनी मोजायला शिकतं: तांब्याच्या पोटाच्या मानानं त्याचा गळा केवढा, उजेड कुठून येतो, सावली किती लांब पडते. स्मरणचित्रात पाहिलेलं मनात साठवून ठेवायची सवय लागते. संकल्पचित्रात ठरलेल्या चौकटीत नक्षी अशी बसवायची असते की कुठे गर्दी होऊ नये आणि कुठे भगदाडही दिसू नये. मुलांना सगळ्यात जास्त धास्ती असते ती भूमिती आणि अक्षरलेखनाच्या पेपरची. कंपासचं टोक घसरलं की सगळं बिघडतं, अक्षरांची जाडी सारखी राहत नाही. 'याचा चित्रकलेशी काय संबंध?' असं पोरं विचारतात. त्याचं उत्तर नांदेड शहरातच आहे.

नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. देशात खादीचा ध्वज बनवणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी ही एक. १९६७ साली उभ्या राहिलेल्या या समितीमागे स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी हैदराबाद मुक्तिसंग्रामातली माणसं होती. ध्वजाचं कापड लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या केंद्रात विणलं जातं, रंगवण्यासाठी अहमदाबादला जातं आणि परत नांदेडला येऊन तिथे कापणी, शिलाई, चक्राची छपाई होते. म्हणजे ज्या दोन जिल्ह्यांबद्दल आपण बोलतो आहोत, त्यांच्या हातांतून एकच वस्तू घडते.

ही वस्तू घडवणं किती काटेकोर काम आहे, हे ध्वजाचं मानक वाचलं की कळतं. ध्वजाचे नऊ आकार ठरलेले आहेत. सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे २१ फूट लांब आणि १४ फूट रुंद. सगळ्यात छोटा टेबलावरचा, १५० बाय १०० मिलिमीटर. मोटारीवरचा २२५ बाय १५०. आकार कुठलाही असो, लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ असतं आणि तिन्ही पट्ट्यांची रुंदी सारखी. सगळ्यात मोठ्या ध्वजात एकेक पट्टा १४०० मिलिमीटर रुंद होतो आणि त्यातल्या पांढऱ्या पट्ट्यावर १२९५ मिलिमीटर व्यासाचं चक्र बसतं. ९०० बाय ६०० च्या ध्वजात पट्टा २०० चा आणि चक्र १८५ चं. दोन्ही ठिकाणी चक्राच्या वर आणि खाली पांढरी जागा त्याच प्रमाणात उरते. चक्राला २४ आरे आहेत, म्हणजे दोन आऱ्यांमध्ये बरोबर १५ अंश. हे चक्र ध्वजाच्या दोन्ही बाजूंनी दिसायला हवं. एका बाजूची छपाई आणि दुसऱ्या बाजूची छपाई यांत केसभर फरक पडला तर ध्वज उजेडासमोर येताच आरे दुहेरी दिसू लागतात.

छापखान्यात याला रजिस्ट्रेशन म्हणतात. एकावर एक छापल्या जाणाऱ्या दोन गोष्टी जिथल्या तिथे बसवणं. उपयोजित कलेचे विद्यार्थी छपाईच्या वर्गात हेच शिकत राहतात. वर्तुळाचे २४ सारखे भाग पाडणं इंटरमिजिएटच्या पेपरात येतं. प्रमाण बिघडू न देता आकृती लहान-मोठी करणं पदवीच्या वर्गात बोधचिन्ह करताना येतं. कापड किती धाग्यांचं, किती ताण सोसणारं, रंग धुतल्यावर आणि उन्हात किती टिकणारा, हे वस्त्रकलेच्या अभ्यासात येतं. ध्वजाची एक कड जाड, भक्कम कापडाची असते. ती दोरी धरून ठेवते. वाऱ्याचा सगळा ताण त्या कडेवर येतो, म्हणून तिथली वीणच वेगळी. पदार्थाचा गुण, वापराची जागा, माप आणि देखणेपणा यांचा एकत्र विचार करणं हाच उपयोजित कलेचा गाभा आहे, आणि तो नांदेडच्या शिलाईयंत्रांवर आणि उदगीरच्या मागांवर रोज प्रत्यक्षात उतरतो.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल झाला आणि यंत्रावर विणलेल्या कापडाचा, पॉलिस्टरचाही ध्वज चालू लागला. हातमागावरच्या ध्वजाला त्यामुळे स्वस्त पर्यायांशी स्पर्धा करावी लागते. अशा वेळी हे कौशल्य टिकायचं तर त्याची नोंद, त्याचा अभ्यास आणि त्यातून निघणारी नवी उत्पादनं हवीत. हे काम एकट्या विणकराचं नाही. त्याला शिकलेल्या जोडीदाराची गरज आहे.

तो जोडीदार कुठे तयार होतो? महाराष्ट्रात या शिक्षणाची मुख्य वाट म्हणजे बी.एफ.ए. ही चार वर्षांची पदवी. बारावी कुठल्याही शाखेतून झालेली चालते. पेंटिंग आणि शिल्पकलेबरोबर त्यात उपयोजित कला येते, आणि काही महाविद्यालयांत वस्त्रकला, मातीकाम, धातुकाम, अंतर्गत सजावट हे विभागही असतात. मुंबईतलं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, तिथलंच उपयोजित कला महाविद्यालय, नागपूरचं शासकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचं शासकीय महाविद्यालय ही सरकारी ठिकाणं. नांदेडकरांना सगळ्यात जवळचं म्हणजे संभाजीनगर. देवगिरी एक्सप्रेसनं रात्रीतून गाठता येईल इतक्या अंतरावर. त्याखेरीज राज्यात खासगी आणि अनुदानित कला महाविद्यालयं आहेत, आणि शाळेत शिकवायचं असेल त्यांच्यासाठी कला शिक्षक पदविका, म्हणजे ए.टी.डी. शाळांतली कला शिक्षकांची भरती फार मंदावली आहे, हे मात्र लपवून उपयोग नाही. केवळ नोकरीच्या आशेनं ए.टी.डी. करणाऱ्यानं हे आधीच लक्षात घ्यावं.

बी.एफ.ए.च्या पहिल्या वर्षी जे शिकवतात ते बघून पुष्कळ मुलं चकित होतात. चित्र काढायला आलो आणि इथे कागद कापून ठोकळे करायला लावतात, एकाच रंगाच्या वीस छटा काढायला लावतात, बोरूनं उभ्या-आडव्या रेघा मारत बसवतात. निसर्गातलं एक पान घेऊन त्याचं आधी हुबेहूब चित्र, मग त्याचाच सोपा आकार, मग त्या आकाराची नक्षी, अशी पायरी-पायरीनं चढण असते. पुढच्या वर्षांत उपयोजित कलेकडे गेलेल्यांना अक्षररचना, बोधचित्रं, छायाचित्रण, जाहिरात, वेष्टन, पुस्तकाची मांडणी. वस्त्रकलेकडे गेलेल्यांना ताणा-बाण्याचे आलेख, ठसे, बांधणी, स्क्रीन प्रिंटिंग. चौथ्या वर्षी एखादा विषय घेऊन त्यावर पूर्ण काम उभं करायचं. आपल्या घरी सांगायचं झालं तर एवढं सांगावं की हे चार वर्षं हातानं करत शिकायचं शिक्षण आहे, आणि कॉम्प्युटर त्यातलं एक अवजार आहे.

या शिक्षणाचा इतिहास लांबलचक आहे, पण त्यातला एक धागा आपल्याशी थेट जोडलेला आहे म्हणून सांगतो. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जे. जे. सुरू झालं. १८६५ मध्ये तिथे तीन शिक्षक आले आणि त्यांच्याकडे सजावटीचं चित्रकाम, घडणकाम आणि धातूचं काम असे तीन कारखानेवजा वर्ग सोपवले गेले. म्हणजे आरंभी ही शाळा हुन्नराचीच होती. त्या तिघांपैकी जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून पुढे वर्षानुवर्षे आपले विद्यार्थी अजिंठ्याला नेले आणि भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात, आपल्या मराठवाड्यात. मुंबईच्या त्या पहिल्या पिढ्यांनी रंग, रेषा आणि नक्षी यांचे धडे मराठवाड्याच्या भिंतींसमोर बसून गिरवले. पुढे १९३५ साली जे. जे.त कमर्शियल आर्टचा विभाग निघाला आणि १९६१ मध्ये त्याचं स्वतंत्र महाविद्यालय झालं.

तिथे शिकलेल्यांपैकी र. कृ. जोशी यांचं नाव प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असायला हवं. कॉम्प्युटरवर मराठी लिहिणाऱ्या लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर कित्येक वर्षं जो 'मंगल' फॉन्ट होता, त्याची अक्षरं त्यांनी घडवली. तलाठी कार्यालयातला अर्ज असो की शाळेची नोटीस, त्या अक्षराच्या वळणामागे बोरू हातात घेऊन केलेली आयुष्यभराची साधना आहे. आणि निजामाच्याच मुलखातल्या, लातूरच्या दक्षिणेला असलेल्या गुलबर्ग्याचा एक मुलगा, एस. एम. पंडित, मद्रास आणि मुंबईत कला शिकून कॅलेंडरांच्या आणि सिनेमाच्या पोस्टरांच्या दुनियेतला अव्वल चित्रकार झाला. घराघरांत देवादिकांचे जे रूपबंध रुजले, त्यांत त्याचा हात आहे.

आता पुन्हा आपल्याकडे. लातूरच्या सीमेला लागूनच बिदर. भालकी, औराद या बाजूला आजही मराठी कानावर पडतं. बिदरी कामाबद्दल शाळेत एक ओळ असते, 'काळ्या धातूवर चांदीची नक्षी', आणि तिथेच विषय संपतो. प्रत्यक्षात ती एक अख्खी प्रयोगशाळा आहे. साधारण सोळा भाग जस्ताला एक भाग तांबं घालून मिश्रधातू ओततात. साचा मातीचा. ओतलेला घाट कानशीनं घासून गुळगुळीत केला की तो पांढरट, चकचकीत दिसतो. त्यावर नक्षी काढायची तर रेघ दिसली पाहिजे, म्हणून मोरचुदाच्या पाण्यानं तो तात्पुरता काळा करतात. मग अणकुचीदार अवजारानं हातानंच रेखाटन, मग छिन्नीनं खोदकाम, मग त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवणं. पुन्हा घासणं. या टप्प्यावर चांदी आणि जस्त दोन्ही पांढरे, नक्षी जवळजवळ नाहीशी झालेली. शेवटी वस्तू हलकी गरम करून तिच्यावर बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचं पाणी लावतात. मातीतले क्षार आणि नवसागर मिळून जस्त-तांब्याच्या पृष्ठभागावर काळा थर धरतो. चांदीवर त्याचा काही परिणाम होत नाही. क्षणात नक्षी काळ्यावर पांढरी उठून येते. ही माती ऊन-पाऊस न लागलेल्या जागची हवी असते, आणि जुने कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात.

रसायनशास्त्राचा हा धडा आहे, आणि रेषेचाही. नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या कॉलेजनं बी.एस्सी.च्या मुलांना आणि चित्रकलेच्या मुलांना एकत्र बिदरला नेलं, आधी नवसागराची प्रक्रिया समजावून दिली आणि नंतर छिन्नी हातात दिली, तर दोन्हीकडची मुलं जन्मभर ती सहल विसरणार नाहीत. असं घडवून आणायला मोठी इमारत लागत नाही.

दुसरं उदाहरण किनवट, माहूर, मुखेडकडच्या बंजारा तांड्यांतलं. बायकांच्या फेट्या (घागरा) आणि काचळी (चोळी) यांवरचं भरतकाम दुरून नुसतं रंगीबेरंगी दिसतं. जवळ जाऊन पाहिलं तर कापडाचे धागे मोजून टाके घातलेले दिसतात. कागदावर आखणी नसते. चौकोन, त्रिकोण, कोयरीच्या आकारांची ओळ पूर्ण डोक्यात असते आणि आरसा कुठे, कवडी कुठे, हे मोजणीतून ठरतं. संकल्पचित्राच्या पेपरात आपण मुलांकडून जे अपेक्षितो तेच हे, फक्त सुईनं केलेलं. कर्नाटकातल्या संडूरच्या लंबाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. नांदेडच्या तांड्यांतल्या कामाची साधी पद्धतशीर नोंदही अभ्यासक्रमाचा भाग होऊ शकली असती. ऊसतोडीला जावं लागणाऱ्या कुटुंबांत ही कला दर वर्षी थोडी विरते आहे. आजीला येणारे टाके नातीला येत नाहीत.

आणि लातूर जिल्ह्यातलं किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाचा विचार कलाशिक्षणाच्या लेखात का, असं कुणाला वाटेल. पण पाथरवटाचं आणि सुताराचं काम हेही हस्तकौशल्यच, आणि त्यातलं ज्ञान अर्धवट उरलं तर काय होतं हे आपण भोगलं आहे. त्या भागातली घरं दोन-तीन फूट जाड दगडी भिंतींची आणि वर मातीच्या जाड माळवदाची होती. भिंतीचे दोन पदर, मध्ये भराव, आणि दोन्ही पदरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड पुष्कळ ठिकाणी घातलेलाच नव्हता. हादरा बसताच पदर सुटले, माळवदाचं ओझं खाली आलं, आणि हजारो माणसं गेली. काही घरांत मात्र भिंती ढासळल्या तरी आतले लाकडी खण उभे राहिले आणि त्यांनी छप्पर तोलून धरलं. जुन्या सुतारांची ती समज शहाणपणाची होती. भूकंपानंतरच्या बांधकाम-मजबुतीच्या कामात गवंड्यांना जे शिकवलं गेलं, त्यात हाच आरपार दगड होता. परंपरेतलं काय टिकवायचं आणि काय सुधारायचं हे तपासून सांगणारी जागा म्हणजे विद्यापीठ. ते काम इथल्याच मातीतल्या उदाहरणांवर व्हायला हवं.

आपल्याकडे विद्यापीठ आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे त्याचे जिल्हे. ललित कलांच्या संकुलात नाटक आणि संगीत शिकता येतं. त्याच शहरात १९८१ पासूनची श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आहे, आणि तिथे वस्त्रतंत्रज्ञान हा विषय शिकवला जातो. शेजारी कापूस संशोधन केंद्र, ज्यानं 'नांदेड-४४' हा संकरित वाण दिला. ज्या स्वामीजींचं नाव विद्यापीठाला आहे, त्यांनीच उभारणीत हात दिलेली खादी समितीही इथेच. रंगाई सोडली तर कापसाच्या बोंडापासून फडकणाऱ्या ध्वजापर्यंतची साखळी या दोन जिल्ह्यांच्या आवाक्यात आहे. जुन्या गॅझेटिअरमध्ये नांदेडच्या तलम मलमलीची आणि जरीकाठी शेल्यांची नोंद आहे. उस्मानशाही कापड गिरणीच्या भोंग्यावर शहराचा दिवस ठरत असे, हे ऐकलेले लोक अजून आहेत. असा वारसा असलेल्या गावात वस्त्रकलेचा पदवी अभ्यासक्रम सुरू करायला दुसरं कुठलं कारण शोधावं लागणार नाही.

तो कसा चालवावा, याची उदाहरणं जगात आणि देशात आहेत. १९१९ साली जर्मनीत वायमार इथे बाउहाउस नावाची शाळा सुरू झाली. तिथे प्रत्येक कार्यशाळेला दोन गुरू असत, एक आकाराचा आणि एक कसबाचा. चित्रकार आकार शिकवायचा, सुतार किंवा विणकर हात शिकवायचा, आणि विद्यार्थ्याला दोघांचंही ऐकावं लागायचं. आपल्याकडे १९५० साली बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात ललित कलांची शाखा निघाली. इंदूरचे ना. श्री. बेंद्रे यांच्यासारखा मराठी चित्रकार तिथे पहिल्या शिक्षकांत होता. त्याच परंपरेतले के. जी. सुब्रमण्यन यांनी काही काळ हातमाग मंडळात संकल्पनाचं काम केलं आणि पुढे खेळणी, माती, कापड या सगळ्याला चित्रकलेइतकाच मान दिला.

मला सगळ्यात जास्त शिकवणारं उदाहरण कच्छचं वाटतं. जुडी फ्रेटर यांनी २००५ मध्ये तिथे कारागिरांसाठीच कलारक्षा विद्यालय सुरू केलं, आणि २०१४ पासून सोमैया कला विद्यामध्ये ते काम पुढे गेलं. वर्षभरात दोन-दोन आठवड्यांचे सहा वर्ग. मधल्या काळात विणकर आपल्या मागावर, भरतकाम करणारी बाई आपल्या घरी, शिकलेलं करून पाहते. रंग, मूळ संकल्पन, बाजार, स्वतःचा संग्रह, आणि शेवटी सगळ्यांसमोर मांडणी. बारावी पास असण्याची अट नाही, भाषा त्यांचीच. ऊसतोड आणि पेरणी यांच्यामधल्या महिन्यांत मुखेडच्या तांड्यावर असा वर्ग बसवता येईल. विद्यापीठानं त्याला प्रमाणपत्र द्यावं, आणि त्या बायकांपैकी जिचा हात सगळ्यात पक्का, तिला पदवीच्या मुलांसमोर शिक्षिका म्हणून, मानधन देऊन, उभं करावं.

पालकांचा प्रश्न मात्र वेगळा असतो: शिकून पोट भरेल का? खोटं आश्वासन द्यायचं नाही, पण काम कुठे आहे ते दाखवता येतं. पुण्या-मुंबईच्या जाहिरात संस्था, प्रकाशनं, मोबाइलवरच्या ॲपची मांडणी, ॲनिमेशन, कापडउद्योग ही नेहमीची ठिकाणं आहेतच. लातूरच्या आडत बाजारात आणि डाळमिलांत मात्र याच कामाची गरज रोज उभी आहे. २०२४ साली लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या धाराशिवमध्ये तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेलाही मिळालं. मानांकन मिळालं म्हणजे माल आपोआप विकला जात नाही. पिशवीवर काय छापायचं, गावाचं नाव कसं लिहायचं, खरा माल ओळखू येईल अशी खूण कोणती, ही सगळी उपयोजित कलेची कामं आहेत. ती परक्या शहरातल्या माणसाला दिली तर तो पिवळ्या पार्श्वभूमीवर एक गोल चेहऱ्याचा शेतकरी काढून देईल. बोरसुरीची डाळ शिजताना ज्या घरात वास दरवळतो, त्या घरातल्या मुलीला ती पिशवी वेगळी सुचेल.

जिला जायचं आहे तिच्यासाठी शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. शासकीय बी.एफ.ए.साठी राज्याच्या सीईटी कक्षाची एमएएच-एएसी-सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. जे. जे.च्या संस्थांना २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे, म्हणून तिथल्या प्रवेशाची सूचना स्वतंत्रपणे पाहावी. सीईटीत वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र असे तीन प्रात्यक्षिक पेपर आणि कला व सामान्यज्ञानाचा एक वस्तुनिष्ठ पेपर असतो. म्हणजे इंटरमिजिएटची तयारी इथे वाया जात नाही, फक्त सराव सुटू द्यायचा नाही. बारावीच्या वर्षी बाकीचा अभ्यास सांभाळून रोज अर्धा तास तरी पेन्सिल चालली पाहिजे, नाहीतर हात आखडतो. वस्तुचित्रासाठी घरातली भांडी, कांदे, चुरगळलेला टॉवेल पुरेसे आहेत. उजेड एका बाजूनं यावा म्हणून खिडकीजवळ मांडावीत आणि घड्याळ लावून बसावं. संकल्पचित्रासाठी आजीच्या लुगड्याचा काठ, तांड्यावरची काचळी, नांदेड जिल्ह्यातल्या होट्टलच्या मंदिरावरची कोरीव पट्टी समोर ठेवून त्यातला एक आकार उचलावा आणि तो चौकोनात, वर्तुळात, त्रिकोणात बसवून पाहावा. स्मरणचित्राला बाजार, जत्रा, बसस्थानक, शेतातलं काम असे विषय येतात. खंडोबाच्या माळेगावची यात्रा पाहिलेल्या मुलीजवळ घोडे, उंट, राहुट्या, भंडारा आणि गर्दीतले हात-पाय यांचा साठा आधीच आहे. माणसं उभी असताना, वाकताना, ओझं उचलताना वजन कोणत्या पायावर येतं, एवढं वहीत टिपत जावं. वही छोटी असावी, खिशात मावणारी, म्हणजे एसटीतही काढता येते.